बोधगया: एका पिंपळाखालची जागा जगभरातल्या बौद्धांसाठी इतकी मोलाची का? जाण्यापूर्वी हे माहीत असू द्या

बिहारमधल्या एका लहानशा गावात पहाटे पाच वाजता फाटक उघडतं. बाहेर थायलंड, श्रीलंका, व्हिएतनाम, तिबेट, जपान आणि नागपूर-औरंगाबादकडून आलेली माणसं रांगेत उभी असतात. भाषा वेगळ्या, वेश वेगळे, प्रार्थनेच्या पद्धतीही वेगळ्या. जायचं मात्र सगळ्यांना एकाच जागी असतं. महाविहाराच्या मागच्या बाजूला असलेल्या एका पिंपळाखाली.

ही जागा म्हणजे बोधगया. महाराष्ट्रात अनेक जण तिला बुद्धगया म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वी सिद्धार्थ गौतमाला इथे ज्ञानप्राप्ती झाली आणि तो बुद्ध झाला, असं बौद्ध परंपरा सांगते. पण बुद्धाने स्वतःला देव म्हणवून घेतलं नाही. मग त्याच्या अनुयायांनी तीर्थयात्रेला का जावं? तिथे जाऊन नेमकं काय पाहायचं? आणि या विहाराच्या व्यवस्थापनावरून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वाद का सुरू आहे? एकेक करून पाहूया.

थोडक्यात

- ठिकाण: बोधगया, गया जिल्हा, बिहार. गया शहरापासून सुमारे १२ ते १५ किलोमीटर.
- मुख्य स्थळं: महाबोधी महाविहार, बोधिवृक्ष, वज्रासन.
- जागतिक वारसा: युनेस्कोच्या यादीत २००२ पासून.
- जाण्याचा चांगला काळ: ऑक्टोबर ते मार्च.
- सर्वांत मोठा दिवस: वैशाख पौर्णिमा, म्हणजेच बुद्धपौर्णिमा.

गया वेगळं, बोधगया वेगळं

बऱ्याच जणांचा इथे गोंधळ होतो. गया हे शहर आहे. विष्णुपद मंदिर आणि पिंडदानासाठी ते प्रसिद्ध आहे. पितृपक्षात महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबं तिथे श्राद्धासाठी जातात. बोधगया हे त्याच्या दक्षिणेला असलेलं वेगळं गाव. पूर्वी त्याला उरुवेला म्हणत. गावाजवळून निरंजना नदी वाहते, स्थानिक लोक तिला लीलाजन म्हणतात. पुढे ही नदी मोहना नदीला मिळते आणि तिथून तिचं नाव फल्गू होतं. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच जास्त दिसते.

गयेला आलेले काही हिंदू यात्रेकरू पिंडदानाच्या विधीचा भाग म्हणून बोधगयेलाही जातात. म्हणजे एकाच परिसरात दोन परंपरांचे भाविक शेकडो वर्षं येत आहेत. पुढे येणाऱ्या वादाचं एक मूळ इथेच आहे.

तिथे नेमकं काय घडलं?

परंपरेनुसार सिद्धार्थाने २९ व्या वर्षी घर सोडलं. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या त्या काळातल्या दोन नामांकित आचार्यांकडे तो ध्यान शिकला. त्यांनी शिकवलेलं सगळं आत्मसात केलं, पण दुःखाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. मग तो उरुवेलेच्या परिसरात आला आणि पाच सोबत्यांसह कठोर तपश्चर्या करू लागला. अन्न जवळजवळ सोडलं. शरीराचा सापळा झाला. गृहत्यागापासून या शोधात सहा वर्षं गेली आणि हाती काही आलं नाही.

इथे कथेला वळण मिळतं. शरीराला छळून सत्य सापडत नाही, हे सिद्धार्थाच्या लक्षात आलं. सुजाता नावाच्या स्त्रीने दिलेली खीर त्याने खाल्ली. हा तपोभ्रष्ट झाला, असं समजून पाचही सोबती त्याला सोडून निघून गेले. एकटा उरलेला सिद्धार्थ एका पिंपळाखाली जाऊन बसला. उत्तर मिळेपर्यंत इथून उठायचं नाही, असा त्याचा निश्चय होता.

पाली परंपरा सांगते की वैशाख पौर्णिमेच्या रात्रीच्या तीन प्रहरांत त्याला क्रमाक्रमाने बोध होत गेला आणि पहाटेपर्यंत दुःख, दुःखाचं कारण, दुःखाचा निरोध आणि त्याचा मार्ग हे सगळं त्याच्यापुढे स्पष्ट झालं. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात हा प्रसंग वेगळ्या पद्धतीने मांडला आहे. त्यांच्या मांडणीत ज्ञानप्राप्ती हा एका रात्रीचा चमत्कार नाही. चार आठवड्यांच्या एकाग्र चिंतनातून, चार टप्प्यांत सिद्धार्थ या निष्कर्षाला पोहोचतो. ध्यानात विघ्न आणणारा मार म्हणजेही कुणी राक्षस नाही, ते माणसाच्याच मनातले वाईट विचार आणि विकार आहेत. महाराष्ट्रातले बहुतेक बौद्ध बोधगयेकडे याच नजरेने पाहतात.

बुद्ध देव नाही, मग तीर्थयात्रा कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. नवस, प्रसाद, पाप धुऊन निघणं या कल्पनांना बुद्धाच्या शिकवणीत जागा नाही. नदीत स्नान केल्याने माणूस शुद्ध होत असेल तर त्याच नदीतले मासे आणि बेडूक आधी शुद्ध व्हायला हवेत, अशा अर्थाचा युक्तिवाद पाली साहित्यातच येतो.

पण त्याच साहित्यातल्या महापरिनिब्बान सुत्तात चार जागांचा उल्लेख आहे. आपल्या अखेरच्या दिवसांत बुद्ध आनंदाला सांगतो की श्रद्धावान माणसाने चार ठिकाणं पाहावीत:

- जिथे तथागताचा जन्म झाला: लुंबिनी (आज नेपाळमध्ये)
- जिथे बोधी प्राप्त झाली: बोधगया
- जिथे पहिला उपदेश दिला: सारनाथ
- जिथे महापरिनिर्वाण झालं: कुशीनगर

ही ठिकाणं पाहून मनात काय उत्पन्न व्हावं, यासाठी पाली भाषेत ‘संवेग’ हा शब्द येतो. मराठीत त्याला नेमका एक शब्द नाही. आयुष्य हातातून निसटत चाललं आहे याची तीव्र जाणीव आणि म्हणून आता तरी स्वतःला बदललं पाहिजे ही आतून येणारी निकड, असं काहीसं त्यात आहे. म्हणजे जागेकडून काही मागायचं नसतं. ती जागा पाहून आपल्या आत काही हललं पाहिजे, ही अपेक्षा असते.

बोधगयेच्या बाबतीत हा अर्थ आणखी ठळक होतो. लुंबिनीत जन्म झाला तो एका राजपुत्राचा. कुशीनगरात निरोप आहे. बोधगयेत मात्र थकलेला, सोबत्यांनी टाकून दिलेला, हरण्याच्या बेतात असलेला एक माणूस स्वतःच्या प्रयत्नाने बदलला. हे एका माणसाला जमलं तर इतरांनाही जमू शकतं, हा बोधगयेचा आध्यात्मिक अर्थ आहे. विहाराच्या गाभाऱ्यातली मूर्तीही हेच सांगते. तिचा उजवा हात जमिनीकडे झुकलेला आहे. याला भूमिस्पर्श मुद्रा म्हणतात. तुला इथे बसण्याचा काय अधिकार, असं माराने विचारलं तेव्हा सिद्धार्थाने कुठल्या देवाला हाक मारली नाही, जमिनीला हात लावून तिलाच साक्षीला बोलावलं, अशी ती कथा आहे.

बौद्ध परंपरेत पूजनीय वस्तूंचे तीन प्रकार मानतात. शारीरिक म्हणजे बुद्धाच्या अस्थी. पारिभोगिक म्हणजे त्याने वापरलेल्या वस्तू. उद्देशिक म्हणजे त्याची आठवण करून देणाऱ्या मूर्ती वगैरे. बोधिवृक्ष दुसऱ्या प्रकारात येतो. बुद्धाने ज्याच्या सावलीचा आधार घेतला ते झाड, म्हणून त्याच्याविषयी कृतज्ञता.

आजचा बोधिवृक्ष तोच आहे का?

नाही. आजचं झाड त्याच जागी उभ्या राहिलेल्या पिंपळांच्या मालिकेतलं आहे. या मालिकेचा इतिहास नाट्यमय आहे.

सम्राट अशोकाने इ.स.पू. तिसऱ्या शतकात इथे भेट दिली. आपल्या आठव्या शिलालेखात, राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर आपण संबोधीला गेलो, असं त्याने नोंदवलं आहे. राजांनी शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा कराव्यात, हा त्या लेखाचा विषय आहे. श्रीलंकेच्या परंपरेनुसार अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधिवृक्षाची फांदी अनुराधापूरला नेली. ते झाड आजही तिथे आहे आणि लागवडीची नोंद असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या झाडांत त्याची गणना होते.

मूळ झाडावर मात्र अनेकदा संकटं आली. सातव्या शतकात आलेला चिनी प्रवासी ह्युएन त्संग लिहितो की गौड देशाच्या शशांक राजाने झाड तोडलं आणि नंतर मगधाच्या पूर्णवर्म्याने त्याला पुन्हा जीवदान दिलं. १८७६ मध्ये जुनं, पोखरलेलं झाड वादळात कोसळलं. १८८१ मध्ये पुरातत्त्ववेत्ते अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तिथे नवं रोप लावलं. आज दिसतो तो हा वृक्ष. त्याच्या जड फांद्यांना लोखंडी टेकू दिलेले आहेत आणि डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्याच्या प्रकृतीची तपासणी करतात.

गंमत म्हणजे झाड बदललं म्हणून भाविकांच्या भावनेत फरक पडत नाही. सगळं अनित्य आहे, असं सांगणाऱ्या धम्माचं स्मारक दगडाऐवजी एक जिवंत झाड असावं, यात एक प्रकारची संगती आहे.

महाविहार कुणी बांधला?

अशोकाच्या काळात इथे स्मारक उभं राहिलं असं मानलं जातं. झाडाखालचं वज्रासन, म्हणजे चकचकीत घासलेल्या वालुकाश्माची मोठी शिळा, त्याच काळातली समजली जाते. सिद्धार्थ नेमका इथे बसला होता, हे दाखवण्यासाठी ती ठेवली गेली. पुढे इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमारास दगडी कठडे उभारले गेले. त्यांवर कमळं, प्राणी आणि जातककथांमधले प्रसंग कोरले आहेत. त्यांतले बरेच मूळ दगड आता बोधगयेतल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.

आजचा विहार साधारण पाचव्या-सहाव्या शतकातला, गुप्तकाळाच्या उत्तरार्धातला आहे. तो पूर्णपणे विटांचा आहे आणि उंची ५० मीटरहून जास्त. भारतात इतक्या जुन्या आणि इतक्या उंच विटांच्या वास्तू फारच थोड्या उरल्या आहेत. म्यानमारमधलं बागान, थायलंडमधलं चिआंग माई, नेपाळमधलं पाटण इथे या विहाराच्या प्रतिकृती शेकडो वर्षांपूर्वी बांधल्या गेल्या. ज्यांना इथवर येणं शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी बोधगया तिकडे नेण्याचा तो प्रयत्न होता.

हे ठिकाण पहिल्यापासून आंतरराष्ट्रीय होतं. चौथ्या शतकात श्रीलंकेच्या मेघवर्ण राजाने समुद्रगुप्ताची परवानगी घेऊन आपल्या भिक्खूंसाठी इथे विहार बांधला. अकराव्या शतकापासून ब्रह्मदेशाच्या राजांनी वारंवार दुरुस्तीसाठी माणसं पाठवली. १२३४ च्या सुमारास धर्मस्वामी हा तिबेटी भिक्खू आला तेव्हा परिसर ओस पडू लागला होता. बौद्ध धर्म मगधातून ओसरला आणि विहार हळूहळू पडझडीला आला. १८८० च्या दशकात कनिंगहॅम आणि जे. डी. बेगलर यांच्या देखरेखीखाली मोठी दुरुस्ती झाली. २०१३ मध्ये थायलंडच्या राजाने आणि भाविकांनी दिलेल्या जवळपास २९० किलो सोन्याने शिखराचा कळस मढवला गेला.

परिसरात काय पाहाल? सात आठवड्यांची सात ठिकाणं

बरेच पर्यटक गाभाऱ्यातलं दर्शन घेऊन झाडासमोर थांबतात आणि अर्ध्या तासात परत फिरतात. पण या आवाराची रचना समजली तर इथे दोन-तीन तास सहज जातात. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्धाने सात आठवडे याच परिसरात घालवले, असं परंपरा सांगते. त्या प्रत्येक आठवड्याची जागा फलक लावून दाखवलेली आहे.

१. बोधिवृक्ष आणि वज्रासन: पहिला आठवडा याच झाडाखाली.

२. अनिमेष लोचन चैत्य: दुसऱ्या आठवड्यात बुद्ध पापणी न लववता झाडाकडे पाहत उभा राहिला. ज्याने आधार दिला त्याच्याविषयीची कृतज्ञता.

३. रत्नचंक्रमण: तिसऱ्या आठवड्यात तो इथे येरझारा घालत चिंतन करत होता. विहाराच्या भिंतीलगत एका ओट्यावर दगडी कमळांची रांग दिसते, तीच ही जागा.

४. रत्नघर: चौथा आठवडा. धम्माच्या सखोल विश्लेषणाचा.

५. अजपाल निग्रोध: वडाखालचा पाचवा आठवडा. जन्माने कुणी ब्राह्मण होत नाही, आचरणाने होतो, हे बुद्धाने एका ब्राह्मणाला इथे सांगितलं, असं मानतात.

६. मुचलिंद: सहाव्या आठवड्यात वादळी पावसात नागराजाने फणा धरून रक्षण केलं, ही कथा. आवारातल्या तळ्यात तशी मूर्ती आहे.

७. राजायतन: सातव्या आठवड्यात तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी बुद्धाला अन्न दिलं. तेच पहिले उपासक. तेव्हा संघ स्थापन झालेला नव्हता, त्यामुळे ते बुद्ध आणि धम्म या दोघांनाच शरण गेले.

पाचव्या ठिकाणाच्या फलकापाशी महाराष्ट्रातून आलेले गट जास्त वेळ थांबले तर नवल नाही. जातीचा प्रश्न इथे अगदी सुरुवातीलाच येतो.

आवाराबाहेर वेगवेगळ्या देशांचे विहार आहेत: थाई, जपानी, तिबेटी, भूतानी, ब्रह्मी, व्हिएतनामी. प्रत्येकाची वास्तुशैली त्या त्या देशाची. १९८९ मध्ये उभी राहिलेली सुमारे ८० फूट उंच बुद्धमूर्तीही जवळच आहे. निरंजना ओलांडली की सुजातेच्या नावाने ओळखला जाणारा स्तूप लागतो. दहा-बारा किलोमीटरवर डुंगेश्वरीच्या टेकडीत ती गुहा आहे जिथे सिद्धार्थाने कठोर तप केलं असं मानतात. वेळ असेल तर आधी डुंगेश्वरी, मग सुजाता स्तूप आणि शेवटी बोधिवृक्ष असा क्रम ठेवा. तप, तपाचा त्याग आणि बोध, ही कथा त्या क्रमाने पायाखालून जाते.

वेगवेगळ्या परंपरा, एकच झाड

श्रीलंका, थायलंड, म्यानमारचे थेरवादी उपासक पांढरी वस्त्रं घालून पाली सुत्तांचं पठण करतात. तिबेटी भाविक लाकडी फळीवर साष्टांग प्रणिपात घालतात, काही जण एक लाख प्रणिपातांचा संकल्प पुरा करण्यासाठी महिनोन्‌महिने राहतात. हिवाळ्यात मोठे प्रार्थना महोत्सव भरतात. कोरिया, तैवानचे गट मंद स्वरात सूत्रं म्हणत प्रदक्षिणा घालतात. महाराष्ट्रातून आलेले उपासक-उपासिका त्रिशरण आणि पंचशील घेतात, वंदना म्हणतात. कुणी नुसतंच डोळे मिटून बसलेलं असतं.

हिंदू भाविक बुद्धाला विष्णूचा नववा अवतार मानून नमस्कार करतात. बौद्धांना हे मान्य नाही. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशा अर्थाची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये आहे.

वाद काय आहे?

सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९० च्या सुमारास, घमंडी गिरी या शैव गोसाव्याने इथे मठ स्थापन केला. विहार तोवर उपेक्षित होता आणि कालांतराने त्याचा ताबा मठाच्या महंतांकडे गेला.

जानेवारी १८९१ मध्ये श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल इथे आले. विहाराची अवस्था पाहून ते व्यथित झाले. त्याच वर्षी त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापन केली आणि विहार बौद्धांच्या हाती यावा म्हणून चळवळ सुरू केली. १८९५ मध्ये जपानहून आलेली बुद्धमूर्ती विहारात बसवण्यावरून संघर्ष झाला, प्रकरण कोर्टात गेलं. १९३३ मध्ये धर्मपाल वारले तेव्हाही प्रश्न तसाच होता.

स्वातंत्र्यानंतर बिहार सरकारने ‘बोधगया मंदिर कायदा, १९४९’ केला. १९५३ मध्ये व्यवस्थापन समितीकडे कारभार आला. या समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात, जिल्हाधिकारी पदसिद्ध अध्यक्ष असतो. मूळ कायद्यात जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर अध्यक्षपदी हिंदू व्यक्ती नेमावी अशी तरतूद होती. ती २०१३ च्या दुरुस्तीने काढण्यात आली.

बौद्ध संघटनांचं म्हणणं असं: इतर धर्मांची सर्वोच्च पवित्र स्थळं त्या त्या धर्माचे लोक सांभाळतात, मग बौद्धांच्या सर्वांत पवित्र स्थळाच्या समितीत बौद्ध निम्मेच का? दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं: शेकडो वर्षं मठाने या जागेची देखभाल केली, हिंदूंचीही इथे श्रद्धा आहे आणि कायद्याने दोघांना जागा दिली आहे.

१९९२ पासून या चळवळीला जोर देणारे भदन्त सुरई ससाई हे जन्माने जपानी, पण कर्मभूमी नागपूर. फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खूंनी बोधगयेत पुन्हा उपोषण सुरू केलं आणि १९४९ चा कायदा रद्द करण्याची मागणी देशभर गाजली. महाराष्ट्रात अनेक शहरांत मोर्चे निघाले. त्याच वर्षी जूनमध्ये या विषयावरची एक याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऐकली नाही आणि याचिकाकर्त्यांना उच्च न्यायालयात जाण्यास सांगितलं.

महाराष्ट्र आणि गोव्याशी नातं

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत. त्यांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. म्हणजे देशातल्या दर चार बौद्धांपैकी तिघांहून अधिक या एका राज्यात राहतात. त्यामुळे बोधगयेचा प्रश्न नागपूर, अमरावती, नांदेड, मुंबईतल्या वस्त्यांमध्ये इतक्या जिव्हाळ्याने बोलला जातो.

नातं त्याआधीचंही आहे. गोव्यात साखवाळ इथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बौद्ध धर्माच्या शोधात पायपीट करत बोधगयेला पोहोचले. तिथे भेटलेल्या भिक्खूने त्यांना कोलकात्याच्या महाबोधी सोसायटीचा रस्ता दाखवला आणि तिथून ते सिंहलद्वीपात गेले. पाली साहित्य मराठीत आणणाऱ्या या माणसाच्या प्रवासातलं बोधगया हे महत्त्वाचं वळण होतं.

जायचं कसं आणि कधी?

गया जंक्शन हे हावडा-दिल्ली मार्गावरचं मोठं स्थानक आहे. मुंबईहून प्रयागराजमार्गे जाणारी हावडा मेल गयेला थांबते. कोल्हापूरहून धनबादला जाणारी साप्ताहिक गाडी नागपूर आणि गया दोन्ही जोडते आणि तिचं नावच दीक्षाभूमी एक्स्प्रेस आहे. वेळापत्रक बदलत असतं, ते आरक्षणाआधी तपासा. स्थानकावरून बोधगयेला रिक्षा मिळतात. गयेला विमानतळही आहे, हिवाळ्यात तिथे परदेशी विमानं उतरतात.

डिसेंबर-जानेवारीत गर्दी सर्वांत जास्त, पहाटे धुकं आणि कडाक्याची थंडी. या काळात उत्तरेकडच्या गाड्या बऱ्याचदा उशिरा धावतात, परतीच्या प्रवासात मोकळा वेळ ठेवा. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बुद्धपौर्णिमा नेमकी याच उन्हात येते, म्हणून वयस्कर माणसं सोबत असतील तर पाणी आणि विश्रांतीची सोय आधी पाहा. शांतपणे बसायचं असेल तर फेब्रुवारी किंवा नोव्हेंबर बरा. दिवसाच्या वेळांमध्ये पहाट उत्तम.

आत गेल्यावर हे पाळा

- मोबाइल आत नेता येत नाही. ७ जुलै २०१३ च्या बॉम्बस्फोटांनंतर सुरक्षा कडक झाली. फोन बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्यामुळे रील आणि सेल्फीचा बेत बाजूला ठेवा. फोनशिवायचा तो एक तास अनेकांना या भेटीतली खरी मिळकत वाटतो.
- चप्पल बाहेर काढा. थंडीत फरशी गार असते, मोजे सोबत असू द्या.
- प्रदक्षिणा उजवीकडून, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने.
- ध्यानाला बसलेल्यांच्या अगदी समोरून जाऊ नका. मोठ्याने बोलू नका.
- झाडाची पानं तोडायची नाहीत. खाली पडलेलं पान उचलता येतं. बाहेर विकली जाणारी पानं याच झाडाची असतील, याची खात्री नाही.
- रस्त्यात दानाची पावती पुढे करणाऱ्यांना पैसे देण्याआधी चौकशी करा. दान द्यायचंच असेल तर समितीच्या किंवा विहाराच्या कार्यालयात द्या आणि पावती घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बौद्ध नसलेल्यांना प्रवेश आहे का? आहे. सर्वांना आहे. प्रवेशासाठी शुल्क नाही.

मंदिर म्हणावं की महाविहार? कायद्यात आणि सरकारी कागदपत्रांत ‘महाबोधी मंदिर’ असा उल्लेख येतो. बौद्ध अनुयायी ‘महाबोधी महाविहार’ म्हणतात आणि त्यामागे व्यवस्थापनाच्या वादाचीही पार्श्वभूमी आहे.

किती दिवस लागतात? महाविहार आणि आसपासचे विहार पाहायला एक दिवस पुरतो. डुंगेश्वरी आणि सुजाता स्तूप धरून दोन दिवस ठेवा. राजगीर आणि नालंदा जोडायचं असेल तर आणखी एक-दोन दिवस.

ध्यान येत नसेल तर? काही अडत नाही. झाडाच्या सावलीत जागा शोधा, पाठ सरळ ठेवून बसा आणि श्वासाकडे लक्ष द्या. मन भरकटलं तर पुन्हा श्वासाकडे आणा. सिद्धार्थही इथे बसला तेव्हा त्याच्यापाशी मंत्र, पुरोहित किंवा सोबती यांपैकी काहीच नव्हतं.

तिथे जाणं बंधनकारक आहे का? नाही. कोणत्याही बौद्ध परंपरेत तसा नियम नाही. आपला आधार आपणच व्हा, हे बुद्धाने अखेरच्या दिवसांत सांगितलं आहे. ज्यांना बिहारपर्यंतचा प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा पिंपळ आहे. अनुराधापूरच्या बोधिवृक्षाशी, म्हणजे परंपरेने बोधगयेच्याच मूळ झाडाशी त्याचं नातं सांगितलं जातं.